आडवाटेचे डहाणू-तलासरी

मुंबईहून गुजरातेकडे जाणाऱ्या गाडीतील एखाद्या प्रवाशाला डहाणू म्हणजे काय, असे विचारले, तर बहुधा एकाच शब्दात उत्तर मिळेल : चिकू. तो थोडा अधिक बोलका असला, तर समुद्रकिनारा आणि सुरूची झाडे यांचीही आठवण काढील. तलासरीचे नाव निघाले, तर गुजरातच्या सरहद्दीवरचा तालुका, एवढेच सांगून तो खिडकीबाहेर पाहू लागेल. ही उत्तरे खोटी नाहीत. पण ती राजरस्त्यावरची उत्तरे आहेत. प्रत्येक गावाला राजरस्त्यावरचे एक रूप असते, तसे आडवाटेवरचे दुसरेही असते. आडवाटेवर ज्या चमत्कारिक, काहीशा विक्षिप्तही वाटणाऱ्या गोष्टी आढळतात, त्या नुसत्या गमती म्हणून सांगितल्या तर घटकाभर करमणूक होईल. त्या तशा का झाल्या, हे विचारले तर मात्र गाव कळू लागते. आम्हांला येथे तो दुसरा प्रयत्न करावयाचा आहे.

आरंभ स्टेशनाच्या पाटीपासूनच करू. पाटीवर नुसते ‘डहाणू’ नाही, ‘डहाणू रोड’ आहे. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ ह्या शब्दाचा अर्थ असा की, गाव येथे नाही. येथून गावाकडे जाणारा रस्ता आहे. जुने डहाणू खाडीच्या तोंडाशी. तेथे पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे आणि १७३९ साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. रूळ मात्र गावाला वळसा घालून पूर्वेकडून गेले, स्टेशनाभोवती नवी वस्ती उठली, आणि पाहता पाहता रस्ताच गाव होऊन बसला. २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे हे नवे गाव आता महानगराच्या शेपटाला जोडले गेले आहे.

पण डहाणूचे नाव रेल्वेहून फार जुने आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने आपल्या दानधर्माची मोठी जंत्री दिली आहे. गायी दिल्या, गावे दिली, घाट बांधले. त्याच जंत्रीत, कित्येक नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्याचे नमूद आहे. आणि त्या नद्यांत पारदा, दमणा, तापी यांच्या जोडीला ‘दाहनुका’ हे नाव येते. ही दाहनुका म्हणजेच डहाणूची नदी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ह्या गावाचा पहिला लेखी उल्लेख लढाईचा नाही, राजधानीचा नाही. वाटसरूला पैसा न घेता पलीकडे नेणाऱ्या होडीचा आहे! पुढे ह्या किनाऱ्यावर जे घडले, ते पाहता हा उल्लेख फारच शोभून दिसतो. कारण येथे सतत कोणी ना कोणी पलीकडून आले आहे.

चिकूच पाहा. ज्याला आपण डहाणूचे म्हणून ओळखतो, ते झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. तेथील लोक त्याच्या खोडाला चिरा पाडून चीक काढीत आणि तो चघळीत. पुढे त्याच चिकापासून अमेरिकेत चुइंगमचा प्रचंड धंदा उभा राहिला. आपण चीक सोडला आणि फळ धरले. ह्या भागात त्याच्या बागा प्रथम लावल्या त्या इराणातून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. घोलवड, बोर्डी, डहाणू ह्या पट्ट्यात ‘कालीपत्ती’ जात इतकी रुजली की, २०१६ साली ‘डहाणू-घोलवड चिकू’ ह्या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. मेक्सिकोचे झाड, इराणी माळी, मराठी नाव आणि भारत सरकारचे प्रमाणपत्र असा हा योग आहे!

यात बागाइतदारांखेरीज इतरांना क्वचितच ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. चिकूचे कलम चिकूच्या रोपावर सहसा बांधीत नाहीत. ते बांधतात खिरणीवर. खिरणी म्हणजेच रायण हे आपल्याकडचे चिवट झाड. चिकूचे दूरचे भावंड. फळ परक्याचे, पण जमिनीत पाय रोवून पाणी ओढून देते ते येथलेच मूळ. बागेतील माणसांचीही रचना काहीशी अशीच राहिली. बाग एकाची, आणि खड्डे खणणारे, पाणी देणारे, लांब काठीला जाळी बांधून फळ उतरवणारे हात बहुतांशी वारली आणि इतर आदिवासींचे. डहाणू-तलासरीची कोणतीही नवलाई पाहताना हे बुंध्याखालचे मूळ पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

इराण्यांच्याही कित्येक शतके आधी पारशी ह्या किनाऱ्यावर आले, हे सर्वांना माहीत असते. त्यांची पहिली वसाहत संजाण. ते आज गुजरातेत, पण येथून हाकेच्या अंतरावर. संजाणवर मुसलमानी फौज चालून आली तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी ‘इराणशहा’ उचलला आणि बोर्डीजवळच्या बाहरोटच्या, म्हणजे बारडच्या डोंगरावरील गुहांत नेला. तेथे तो बारा वर्षे जपला, अशी परंपरा आहे. पुढे तो वांसद्याला, मग नवसारीला गेला आणि १७४२ पासून उदवाड्यास आहे. अग्नी लपवणे ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाही. दागिना पुरता येतो, मूर्ती विहिरीत सोडता येते. अग्नीला रोज लाकूड लागते आणि त्याचा धूर दिसतो. अशा दाट रानातल्या डोंगरावर बारा वर्षे कोणाला सुगावा न लागता राहायचे, तर रानातल्या माणसांची निदान मूक संमती तरी हवी, असे आम्हांला वाटते. इतिहासाने त्यांची नावे नोंदवलेली नाहीत.

ती रानातली माणसे भेटायची, तर रुळांच्या पूर्वेस वळले पाहिजे. चैत्रात वळावे हे उत्तम. महामार्गालगत विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस भरते. देवीचे मूळ स्थान मागच्या उंच सुळक्यावर. कथा अशी सांगतात की, एक गरोदर भक्तीण गड चढता चढता कोसळली. तेव्हा देवीच तिच्यासाठी पायथ्याशी उतरून आली. भक्ताची परीक्षा घेणाऱ्या देवता पुष्कळ आहेत; बाळंतपणाची अडचण ओळखून घर बदलणारी देवी विरळा. सुळक्यावर ध्वज लावण्याचा मान आदिवासी पुजाऱ्याचा. तो ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून येण्याची चाल आहे. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण ही चाल राहिली.

वारल्यांची ओळख आता जगाला त्यांच्या चित्रांवरून आहे. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली त्रिकोणी माणसे, तारप्याभोवती फिरणारा नाच. १९७० च्या सुमारास भास्कर कुलकर्णी हे कलावंत ह्या पाड्यांत आले आणि ही कला कागदावर उतरली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. पण मुळात हे चित्र शोभेचे नव्हे आणि पुरुषांचेही नव्हे. तो लग्नचौक. लग्नघरात सुवासिनींनी तो काढायचा, त्यात पालघट देवीची स्थापना व्हायची, आणि लग्न लावायचे तेही धवलेरीने, म्हणजे गाणी म्हणणाऱ्या स्त्री-पुरोहिताने. शहरात स्त्री-पुरोहित ही मोठी सुधारणा म्हणून वर्तमानपत्रांत आली, तेव्हा वारल्यांच्या घरात ती केव्हाची जुनी रीत होती.

मात्र ह्या सुंदर चौकाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर नाही. लग्नाला पैसा लागे आणि तो सावकार-जमीनदाराकडे असे. थोडके रुपये कर्ज घेऊन लग्न केले की, नवरा त्या जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होई. फेड म्हणून नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. व्याज फिटत नसे, आयुष्य मात्र संपे. म्हणूनच अनेक जोडपी लग्नाचा विधी न करताच संसार मांडीत आणि ऐपत आली की, कित्येकदा मुले झाल्यावर, चौक मांडून लग्न लावीत. पाहुण्याला ही मोठी गंमत वाटते. ती गंमत नव्हती. गुलामीत न जाण्याची ती एक वाट होती. ज्या भिंतीवर आपण कला पाहतो, तिच्या उंबऱ्यावर एकेकाळी कर्जाचा कागद उभा असे.

तो कागद फाटू लागला १९४५ साली. २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने हजारो वारल्यांनी वेठबिगार न करण्याचा निश्चय केला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. पण वेठ आणि लग्नगडी ह्या चाली त्यानंतर टिकल्या नाहीत. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक पुढे १९७० साली आले, ते ह्याच लढ्याचे.

नवल असे की, त्याच १९४५ साली, झरीपासून फार दूर नसलेल्या बोर्डीस, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, ही सर्वत्र तक्रार. ताराबाईंनी विचारले, मग शाळा मुलांकडे का जाऊ नये? धाकटी मुले अंगणात खेळतात, तर अंगणातच बालवाडी; तीच अंगणवाडी. थोरली मुले गुरे घेऊन कुरणात जातात, तर कुरणातच शाळा, ती कुरणशाळा. गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरे, पाने-दगड मोजून गणित! ऐकायला विक्षिप्त, पण १९७५ साली देशाने बालविकासाची योजना आखली, तेव्हा अंगणवाडी हे नाव सर्वत्र पोचले. आज भारताच्या गावोगाव जो शब्द चालतो, तो ह्या आडवाटेवर घडला.

आता ह्या साऱ्याचे पुढे काय? १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून घोषित केला. मोठ्या कारखान्यांना आळा बसला. चिंचणी-वरोर भागात घरोघर दागिन्यांचे ठसे कोरण्याचा धंदा चालतो. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरी भागात जमीनच हादरू लागली. एक मोठा भूकंप नव्हे, तर हजारो लहान धक्क्यांची मालिका. त्या थंडीत लोक घराबाहेर झोपले, विटांच्या भिंतींना तडे गेले. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत मुरून दाब वाढतो, त्याचा ह्या धक्क्यांशी संबंध असावा, असे भूशास्त्रज्ञांचे मत आहे. आणि वाढवणला ज्या बंदरास डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता, तेथेच फार मोठ्या बंदराला २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाची संमती मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणीही झाली. मच्छीमारांचा विरोध अजून मावळलेला नाही.

बंदर हवे की नको, हा वाद आम्ही येथे मिटवू शकणार नाही. पण एक मागणी आपण सर्वजण करू शकतो. उषवदाताच्या नावेपासून आजपर्यंत ह्या किनाऱ्याने अनेकांना पार केले, अनेकांना ठाव दिला. त्याचा मोबदला येथल्या मुळांना क्वचितच मिळाला. नव्याने येणाऱ्या जहाजांचा हिशेब मांडताना तरी मांगेला, कोळी आणि वारली यांची नावे खर्चाच्या रकान्यात न लिहिता भागीदारांच्या यादीत लिहावीत. आणि येत्या चैत्रात ज्यांना सवड असेल, त्यांनी डहाणू रोडला उतरून चिकूची करंडी घेऊन परत न फिरता, पूर्वेकडची एस. टी. धरावी.