खुनी कोण, हे ठाऊक असलेला आवाज

१९३५ साली लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंडने अंधांसाठी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलकी पुस्तकं काढायला सुरुवात केली. अगदी पहिल्या पुस्तकांत एक होतं जोसेफ कॉनरॅडचं ‘टायफून’ आणि दुसरं अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. या कामामागे इयन फ्रेझर होते. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली आणि पुढे युद्धात अंध झालेल्या सैनिकांच्या सेंट डन्स्टन्स या संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली. भर तारुण्यात डोळे गमावलेल्यांना बोटांनी ब्रेल वाचायला शिकणं जड जाई, म्हणून ही तबकड्यांची सोय. एका बाजूवर साधारण २५ मिनिटांचं वाचन मावे. संशय कुणावर घ्यावा या विचारात असतानाच तबकडी संपायची आणि ऐकणाऱ्याला उठून ती उलटावी लागायची.

‘अ‍ॅक्रॉइड’चं मर्म इथे फोडणार नाही. ज्यांनी ती वाचली आहे, त्यांना ती मोठ्याने वाचणं किती जोखमीचं आहे ते लगेच कळेल. रहस्यकथेच्या अभिवाचनाची सुरुवात अशी सर्वांत कठीण पेपरानेच झाली.

त्या काळात वाद होता तो वाचावं की वठवावं याचा. पुष्कळ अंध श्रोत्यांना नाटकी वाचन नको असे. पात्रं आपण आपल्या मनात उभी करू, तुम्ही फक्त शब्द नीट पोचवा, असं त्यांचं म्हणणं. मला ते आजही रास्त वाटतं, आणि रहस्यकथेच्या बाबतीत तर फारच. अभिवाचकाला खुनी पहिल्या पानापासून ठाऊक असतो. त्याच्या आवाजाला मात्र तो शेवटच्या प्रकरणापर्यंत ठाऊक नसावा. बाकी सगळे गुण याच्या नंतर.

१९७५ मध्ये अमेरिकेत डुव्हल हेक्ट यांनी ‘बुक्स ऑन टेप’ सुरू केलं. गाडीतून रोज लांबचा प्रवास करणाऱ्यांना पूर्ण पुस्तकाच्या कॅसेटी टपालाने भाड्याने मिळू लागल्या. त्याच कॅसेटयुगात दुकानांत मात्र संक्षिप्त आवृत्त्यांचा सुळसुळाट झाला, आणि त्यात रहस्यकथेचं सर्वांत मोठं नुकसान झालं. कात्री लावणारा आधी काय कापतो? निष्पाप शेजारीण, हरवलेलं पत्र, माळ्याचा खोटा जबाब, म्हणजे वाचकाला चकवण्यासाठी पेरलेलं सारं. उरतं ते फक्त गरजेचं, आणि गरजेचं तेवढंच उरलं की गुन्हेगार आपोआप उघडा पडतो. अशा आवृत्तीत कितीही चांगला आवाज हतबल होता.

पुढे वाचनाचा कस स्वतंत्रपणे लावला जाऊ लागला. अमेरिकेत ‘ऑडिओफाइल’ मासिक १९९२ मध्ये निघालं, ‘ऑडी’ पुरस्कार १९९६ पासून सुरू झाले. लेखकाचं यश वेगळं आणि अभिवाचकाचं वेगळं, हे तेव्हापासून मान्य झालं. पण ‘किती वेगवेगळे आवाज काढले’ याचंच कौतुक जास्त होत राहिलं. ते मोजणं सोपं, म्हणून.

आवाज वेगळे हवेतच. छापील पुस्तकात मागची पानं चाळून ‘हा मेजर कोण बुवा?’ हे पाहता येतं, कानाला ती सोय नाही. अडचण पुढे आहे. एखादं पात्र वेषांतर करून दुसऱ्या नावाने येतं. अभिवाचकाने तोच आवाज ठेवला तर रहस्य फुटलं, अगदी निराळा काढला तर श्रोत्याची फसवणूक झाली. निनावी फोन, मारेकऱ्याचं स्वगत, दाराआडची कुजबुज या सगळ्या जागी हाच पेच. उत्तम अभिवाचक तिथे आवाज बदलत नाही, लय बदलतो, आणि शेवट कळल्यावर मागे जाऊन ऐकलं तर खूण सापडते.

ह्यू फ्रेझर यांचं वाचन मला या कारणासाठी श्रेष्ठ वाटतं. १९८९ पासून दूरचित्रवाणीवर डेव्हिड सुशे ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो आणि फ्रेझर त्याचे मित्र हेस्टिंग्ज झाले. नंतर दोघांनीही ख्रिस्ती वाचली. सुशे वाचतात तेव्हा पॉयरो खोलीभर पसरतो आणि संशयित मंडळी मागे सरतात. फ्रेझर साक्षीदाराच्या समंजसपणाने वाचतात. टेबलावरच्या पाच वस्तूंची यादी आली तर पाचही वस्तूंवर सारखाच भार. त्यांतली एक वस्तूच सगळं सांगणारी असते, आणि ती हातून निसटते ती या समान भारामुळेच.

मराठीत ‘स्टोरीटेल’ २०१७ च्या अखेरीस आलं आणि रहस्यकथा, गूढकथा घराघरांत ऐकल्या जाऊ लागल्या. आपल्या अभिवाचकांच्या गळ्यात कथाकथनाचा आणि आकाशवाणीच्या श्रुतिकांचा संस्कार आहे. वपु, मिरासदार, शंकर पाटील यांनी सभागृहं डोलवली, ती श्रोत्याला प्रत्येक वळणावर सोबत घेऊन. विनोदी किंवा ग्रामीण कथेला ही तऱ्हा शोभते. रहस्यकथेत ती घात करते, कारण सोबत घेण्याच्या ओघात आवाज डोळा मारून जातो. ‘त्याने किल्ली खिशात ठेवली’ हे वाक्य थबकून, दबक्या स्वरात आलं की किल्लीचं महत्त्व सांगायचं काय उरलं? त्यावर पार्श्वसंगीताची हुरहुर चढवली की संपलंच. भयकथेला ते संगीत चालेल. चोख तपासकथेला शांतताच हवी.

आता यंत्राचे आवाजही पुस्तकं वाचू लागले आहेत. ते सपाट वाचतात, म्हणून काही गुपित फोडत नाहीत, हे खरं. पण यादीतल्या पाच वस्तू सारख्या वाटाव्यात यासाठी कुठली वस्तू महत्त्वाची हे आधी कळावं लागतं. ते कळूनही लपवणं, हा अभिवाचकाचा अभ्यास आहे.

म्हणून प्रकाशकांना विनंती: ध्वनिमुद्रणाआधी अभिवाचकाला संपूर्ण संहिता द्या आणि ती दोनदा वाचायला वेळ द्या. आणि श्रोत्यांना एवढंच सांगणं की अभिप्राय लिहिण्यापूर्वी गुन्हेगाराचा पहिला प्रवेश पुन्हा एकदा ऐका, आणि अभिवाचनाचे गुण त्यावरून द्या.