पुण्याची वाढ आणि नगरसेवकाचे काम

जानेवारी 2026 मध्ये पुणे महानगरपालिकेची निवडणूक झाली. त्या वेळी घरोघर वाटलेली पत्रके आमच्या संघटनेच्या कचेरीत अजून एका खोक्यात पडून आहेत. पक्ष कोणताही असो, तीन गोष्टी बहुतेक साऱ्या पत्रकांवर आढळतात: शहराचा विकास, सामान्य माणसाला परवडेल असे जिणे, आणि पर्यावरणाचे रक्षण. कामगारांच्या सभांतून आम्हांस वारंवार विचारतात, की यांतले नगरसेवकाच्या हातात खरोखर असते किती? आणि संघटनेच्या माणसाने या निवडणुकीस उभे राहावे की नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे तर महापालिका नावाचे यंत्र एकदा उघडून पाहिले पाहिजे.

पुण्याची नगरपालिका 1950 साली महानगरपालिका झाली. तिचा कारभार 1949 च्या कायद्याने चालतो. या कायद्याने अंमलबजावणीची सत्ता आयुक्ताकडे ठेवली आहे आणि आयुक्ताला नेमते राज्य सरकार. महापौराला मान मोठा, पण हुकूम चालतो तो आयुक्ताचा. मग लोकांनी निवडून दिलेल्यांकडे उरते काय? पैसा कोठे खर्चावा, कर किती बसवावा आणि कोणत्या जमिनीवर काय व्हावे हे ठरवण्यातला वाटा. आयुक्त अंदाजपत्रक मांडतो, सोळा जणांची स्थायी समिती त्याची छाननी करते, मुख्य सभा ते मंजूर करते. मोठी कंत्राटे स्थायी समितीपुढे येतात. विकास आराखडा मुख्य सभेपुढे येतो, मात्र त्यावरचा शेवटचा शिक्का मंत्रालयाचा.

आमच्या लोकांना यांतले फारसे कोणी सांगत नाही. नळाला पाणी आले नाही की नगरसेवक, चेंबर तुंबले की नगरसेवक. तोही बिचारा धावतो, कारण मते तेथेच मिळतात. शिवाय त्याच्या हाती ‘स’ यादीचा निधी असतो. त्यातून बाकडी येतात, बादल्या येतात, कापडी पिशव्या येतात आणि प्रत्येक वस्तूवर त्याचे नाव येते. पुण्यात बसायला जागा नाही अशी तक्रार निदान आमच्या कानी तरी कधी आली नाही.

खरा नगरसेवक कसा असावा याचा दाखला शोधायला फार लांब जावे लागत नाही. वसंत व्याख्यानमाला 1875 साली सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. 1883 पर्यंत ते तेथे होते. सभासद सरकारनियुक्त, म्हणजे सरकारला दुखवू नये अशीच अपेक्षा. 1880 साली व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवण्यास हजार रुपये खर्चावे असे ठरले. त्याला विरोध करणारे फुले एकटेच निघाले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चही त्यांना मान्य नव्हता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले, ही गंमत निराळी. आमचा मुद्दा असा, की फुल्यांनी जे हेरले ते खर्चाचे कलम होते. सभासदाचे हत्यार तेच.

आता वाढीकडे वळू. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पालिकेत आली आणि क्षेत्रफळाने पुणे मुंबईहून मोठे झाले. एवढा पसारा चालवायला पैसा कोठून येतो? पूर्वी जकात होती. मालाच्या उलाढालीबरोबर उत्पन्न वाढे. 1 एप्रिल 2013 पासून पुण्याची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर पुढे जीएसटीत बुडाला आणि त्या रकमेसाठी पालिका सरकारच्या तोंडाकडे पाहू लागली. स्वतःचे म्हणावे असे मोठे उत्पन्न उरले ते मिळकतकराचे आणि बांधकाम परवानगीच्या शुल्काचे. हे दुसरे कलम नीट समजून घ्यावे. जितके मजले चढतील तितकी पालिकेची तिजोरी भरते. म्हणजे बांधकामाला आवर घालायचा अधिकार जिच्याकडे, तिचाच संसार बांधकामावर चाललेला. उमेदवार वाढही हवी आणि टेकड्या-ओढेही हवेत असे म्हणतो, तेव्हा या गाठीबद्दल तो काय करणार हे त्याला विचारावे.

ही गाठ कोठे आवळते ते पाहायचे तर आंबिल ओढ्याच्या काठाने चालत जावे. कात्रजच्या बाजूने येणारा हा ओढा दत्तवाडीजवळ मुठेला मिळतो. वरच्या अंगाला वस्ती वाढत गेली, ओढ्याचे पात्र जागोजाग आवळले, डोंगरउतारावर मुरायचे पाणी सिमेंटवरून घसरू लागले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पाऊस कोसळला आणि पाण्याने आपली जुनी जागा परत मागितली. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत माणसे मेली. ती माणसे तेथे हौसेने राहत नव्हती. कामाच्या जवळ, भाडे परवडेल अशी जागा शहराने त्यांच्यासाठी दुसरीकडे ठेवली नव्हती. पुढे 24 जून 2021 रोजी, भर पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठच्या झोपड्यांवर बुलडोझर चालला. त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली, पण तोवर कित्येकांचा संसार रस्त्यावर आला होता. ओढा मोकळा व्हावा हे आम्हांलाही मान्य आहे. पण मोकळा करण्याची सुरुवात नेहमी खालूनच का होते? वाढ, परवड आणि पर्यावरण हे तीन निरनिराळे विषय म्हणून पत्रकावर छापतात. या काठावर ते एकाच घरात राहतात.

दुसरा दाखला कचऱ्याचा. पुण्याने वर्षानुवर्षे आपला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला. ही गावे 2017 मध्ये पालिकेत घेतली आणि पुढे वेगळी नगरपरिषद करून बाहेर काढली. इकडे 1993 साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. कचरावेचक बाई ही भिकारीण नव्हे, कामगार आहे, हे शहराकडून कबूल करून घेणारी ही संघटना. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये पालिकेशी करार झाला. आज साडेतीन हजारांवर सभासद दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घेतात, घरटी ठरलेले शुल्क घेतात आणि सुक्यातले विकण्याजोगे विकतात. पालिका पगार देत नाही; गाड्या, हातमोजे, वर्गीकरणाला जागा अशी साधने देते. शहराला काम स्वस्त पडते, खड्ड्यात जाणारा कचरा कमी होतो, बाईच्या घरी चूल पेटते. पण हे सारे कराराच्या कागदावर लटकलेले. मुदत सरली की मोठ्या कंत्राटदाराची चर्चा सुरू होते आणि निकाल मतदानाने लागतो. त्या वेळी सभागृहात आपला माणूस असणे याला किंमत आहे.

माणूसच नसला म्हणजे काय होते तेही आपण पाहिले. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षे पालिकेत प्रशासक होता. पिंपरी-चिंचवडलाही तेच. बससेवा या दोन पालिकांच्या मालकीची, तोट्याचा भार 60 आणि 40 टक्के. जून 2025 मध्ये किमान तिकीट 5 रुपयांवरून 10 रुपये झाले, 40 रुपयांचा दिवसाचा पास 70 रुपयांवर गेला. धुण्याभांड्याला दोन बस बदलून जाणाऱ्या बाईसाठी सभागृहात उठून बोलणारा एकही सभासद त्या दिवशी नव्हता. सभासद असते तर भाडे वाढले नसते, असा आमचा दावा नाही. कोणी वाढवले हे नावानिशी कळले असते.

मग संघटनेच्या माणसाने उभे राहावे का? बाबा आढाव, ज्यांचे डिसेंबर 2025 मध्ये निधन झाले, हमाल पंचायतीचे काम करता करताच नगरसेवक झाले होते. पण तेव्हाचा वॉर्ड आणि आजचा प्रभाग यांत अंतर पडले आहे. 165 जागा, 41 प्रभाग. एक सोडून प्रत्येकात चार-चार जागा, आणि सरासरीने ऐंशी हजारांवर लोकवस्ती. पायी फिरून ओळख करून घेण्याचा हा आकार नव्हे. चारांचे पॅनेल, गाड्या, पैसा हे सारे पक्षांना सोयीचे आहे. तेव्हा आमचा सल्ला असा, की ज्याच्यामागे त्याच प्रभागात राहणारे हजार-दोन हजार सभासद आहेत त्याने जरूर उभे राहावे. इतरांनी निवडून आलेल्यांच्या मागे लागावे.

मागे कसे लागावे? पुढच्या वर्षाचे करांचे दर कायद्याने 20 फेब्रुवारीपूर्वी ठरतात, म्हणून मोर्चा काढायचा तो डिसेंबरात, मार्चात नव्हे. त्याआधीची एक पायरी आहे. 2006-07 पासून पुण्यात नागरिकांना आपल्या भागातली लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयातून त्याचे अर्ज मिळतात. ते भरतात बहुतेक बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या वस्तीतले लोक, आणि पदपथ, झाडे, बाकडी मागतात. वस्तीतल्या शौचालयाचा दिवा, नळकोंडाळ्याचा ओटा, कचरा वेचणाऱ्यांसाठी पत्र्याची शेड, हेही त्याच अर्जावर मागता येते. संघटनेच्या प्रत्येक शाखेने निदान वीस अर्ज नेऊन द्यावेत आणि पोच घ्यायला विसरू नये.