पहिले शंभर सोडून बाकीचे

बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरला आशियाई सुवर्ण जिंकून देणाऱ्या तिरंदाजीत संघ निवडला जातो आणि खर्चही बराचसा संघटनाच उचलते. टेनिसपटूचं तसं नसतं. त्याला पगार नाही. विमान, हॉटेल, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा, सगळं खिशातून. सुरुवात होते १५ हजार डॉलरच्या स्पर्धांपासून. ही रक्कम सगळ्यांत मिळून वाटायची! एकेरीत पहिल्याच फेरीत हरलात तर हाती साधारण दीडशे डॉलर, त्यातूनही कर कापून. शिवाय कमावलेले गुण ५२ आठवड्यांनी गळतात, म्हणून दुखापत झाली की क्रमवारी घसरते आणि मोठ्या स्पर्धेचं दार बंद होतं.

मग अनेकजण दुहेरीकडे वळतात. बार्शीची प्रार्थना ठोंबरे त्यांतलीच. सानिया मिर्झासोबत तिने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ही जोडी चिनी जोडीकडून पहिल्याच फेरीत हरली, तीही तिसऱ्या सेटमध्ये ५-७ अशी. माझ्या मते तालुक्याच्या गावातून इथवर पोचणं हेच मोठं यश. ऑलिंपिक टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कम नसते आणि रिओत क्रमवारीचे गुणही नव्हते.