फॅक्सचं पान आणि फाइलचा मालक

समजा साताऱ्याच्या शाळेनं सांगलीच्या शाळेला मराठी प्रश्नपत्रिका ईमेल केली. तिकडं उघडली तर अक्षरांऐवजी नुसती विचित्र चिन्हं! कारण टाइप करताना वापरलेला जुना फॉन्ट तिथं नाही. फॅक्सला ही अडचण नव्हती. तो अक्षरं पाठवतच नाही, पानाचे काळे-पांढरे ठिपके पाठवतो.

हाच फॅक्स ईमेलनं पाठवायचं मानक 1998 मध्ये आलं. ठिपके ठेवायला टिफ फॉरमॅट निवडला. टिफ अ‍ॅडोबीच्या मालकीचं, पण त्याची रचना सगळ्यांना खुली. शिवाय फॅक्सचं कॉम्प्रेशन त्यात जसंच्या तसं बसतं. टिफमध्ये एलझेडडब्ल्यू नावाचं कॉम्प्रेशनही चालतं, पण त्याचं पेटंट युनिसिसकडं होतं. त्यावरूनच 1994 च्या शेवटी जिफ चित्रांच्या परवाना-शुल्काचा वाद पेटला होता. फॅक्सच्या मानकात एलझेडडब्ल्यू घेतलंच नाही. बरंच झालं! पीडीएफ तर तेव्हा एका कंपनीच्याच हातात होतं. ते आयएसओ मानक झालं 2008 मध्ये.

मग आपली प्रश्नपत्रिका? नुसती छापायची असेल तर फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवा. सांगलीच्या बाईंना दोन प्रश्न बदलायचे असतील, तर युनिकोडमध्ये टाइप केलेली ओडीटी फाइल द्या. हे 2006 पासून आयएसओ मानक आहे आणि मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये ती उघडते.