जुनी जीप तापते तेव्हा

‘गाडी तापते’ अशी तक्रार घेऊन महिंद्राची एमएम ५४० गॅरेजमध्ये आली, की चांगला मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी विचारतो, “कधी तापते?” सिग्नलला उभी असताना, सिंहगडाच्या चढाला, की सकाळी सुरू केल्यावर पाच मिनिटांतच? निम्मं निदान या उत्तरात असतं. तरीही बहुतेक ठिकाणी पहिला घाव रेडिएटरवर पडतो. तो नवा येतो आणि पुढच्या घाटात काटा पुन्हा वर चढतो. जुन्या गाडीवर जीव असणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच.

पुण्याच्या रस्त्यांवर या गाड्या अजून बऱ्याच दिसतात. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स तर इथलीच; तिला मर्सिडीजच्या परवान्याचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन. एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी. दोन्ही दणकट इंजिनं. नीट सांभाळली तर मे महिन्यातही ती तापू नयेत.

आधी काटा खरा बोलतो का ते बघावं. इंजिन बदललेल्या जीपमध्ये सेन्सर एका गाडीचा आणि मीटर दुसऱ्या गाडीचा असं सर्रास आढळतं. अर्थिंगची वायर गंजली तरी काटा भलतं दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला की खरं काय ते कळतं.

उभी असताना तापते आणि वेगात थंड होते, तर दोष हवेचा. पट्टा ढिला असतो, किंवा पंख्याभोवतीचं आवरण कधीतरी रेडिएटरच्या कामात काढलेलं असतं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात राहून गेलेलं असतं. त्या आवरणाशिवाय पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आसपासची गरम हवाच फिरवत राहतो. हौसेने पुढे लावलेले विंच आणि दिवेही हवेच्या वाटेत येतात. मुळशी-ताम्हिणीचा चिखल जाळीत वाळला असेल, तर इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हलक्या धारेने धुवावा. जोराच्या धारेने पत्रे वाकतात.

चढाला किंवा सलग वेगात तापत असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या वाटेत असतो. पुण्यात याचं मोठं कारण म्हणजे बोअरचं पाणी. ते जड असतं. तापलं की क्षार नळ्यांत बसतात. इंजिन थोडं निवल्यावर, बंद करून, जाळीवरून हात फिरवला तर तुंबलेला भाग गार लागतो. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकी सोडवून नळ्यांतून सळई फिरवतात, म्हणजे रॉडिंग करतात, आणि पुन्हा झाळतात. हे हाताचं कौशल्य आहे आणि ते टिकायला हवं. ॲसिड ओतून भागवणारे भेटतात, पण जुनी झाळ त्याने खाल्ली जाते. रेडिएटरसोबत ब्लॉकमधला गंजही धुवून काढायला हवा, नाहीतर तोच गाळ थोड्या महिन्यांत परत नळ्यांत येतो. झिजलेला वॉटर पंप आणि वेग घेताच आत चिमटणारा खालचा होजही इथेच तपासावा. जुन्या ड्रम ब्रेकचे लायनर घासत राहिले तरी इंजिनावर ओझं पडतं. थोडं चालवून चारही ड्रमची उष्णता ताडून पाहिली की ते समजतं.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. तो चुकीचा आहे. इंजिन थंड राहून झिजतं, आणि बायपास असलेल्या इंजिनांत काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं. त्यापेक्षा थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात तापवून बघावा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास, बऱ्याचदा ८२ अंशांला, तो उघडला पाहिजे.

रेडिएटरची कॅप सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे उघड्यावर पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सिंहगडावर त्याही आधी. कॅपने धरलेल्या दाबाच्या प्रत्येक पौंडामागे उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. तिचं रबर फाटलं की तो सगळा फायदा गेला.

थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा ताठ होत असेल, पाण्यात बुडबुडे येत असतील, गळती न दिसता पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसलं तर गाडी चालवूच नका.

घाटात काटा वर जाऊ लागला तर खालचा गिअर टाका. वरच्या गिअरमध्ये रेटलं की उष्णता वाढते आणि पंखा मात्र मंद फिरतो. पट्टा तुटला किंवा पाणी उसळलं तर इंजिन लगेच बंद करा. होज हातात सहज धरता येईपर्यंत कॅपला हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. घरी आल्यावर मात्र आळस नको: सिस्टीम धुवून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. पुण्यात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट टाळू नका. इथे ते गंजाविरुद्ध लागतं.