सांख्यिकीय कोष्टक
संशोधनलेखातील संख्यात्मक माहितीची उभ्या स्तंभांत व आडव्या ओळींत केलेली पद्धतशीर मांडणी. कोष्टकास क्रमांक व शीर्षक असते; शीर्षकात विषय, स्थळ व काळ यांचा निर्देश करतात. एकक स्तंभाच्या मथळ्यात देतात. एका स्तंभातील दशांशचिन्हे एकाखाली एक येतात. शून्य आणि अनुपलब्ध माहिती यांसाठी भिन्न चिन्हे वापरतात.

आकड्यांचा आधार तळटीपेत देणे आवश्यक असते. उदा., तारापूर (जि. पालघर) येथील अणुवीज केंद्रात १९६९ मध्ये सुरू झालेल्या दोन संचांची मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगॅवॉट होती, ती पुढे १६० मेगॅवॉट ठरविण्यात आली. त्यामुळे १६० मेगॅवॉट वीजनिर्मिती नव्या आधाराने १०० टक्के, तर मूळ आधाराने सुमारे ७६ टक्के ठरते. तसेच पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणून २०११ च्या जनगणनेतील ठाणे जिल्ह्याच्या आकड्यांत तारापूरचाही समावेश आहे. अशा टीपांअभावी अचूक आकड्यांवरूनही चुकीचा निष्कर्ष निघतो. कोष्टक लेखापासून वेगळे काढले, तरी त्याचा अर्थ स्वतंत्रपणे लागला पाहिजे.