कॉर्निसचा हिशेब नुसत्या फुटावर करू नका

घराच्या छताला कॉर्निस लावून घेणे ही आता केवळ बंगलेवाल्यांची हौस राहिलेली नाही. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथली ही नक्षीदार पट्टी भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, मिरज अशा ठिकाणी दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्येही दिसते. घरात लग्न निघाले, ईद जवळ आली किंवा आखातातून मुलगा सुटीवर येणार असला की आधी रंगाचा विषय निघतो आणि रंगाबरोबर कॉर्निसचा. काम तसे चार-सहा दिवसांचे. पण एवढ्याशा कामावरून घरमालक आणि कारागीर यांची तोंडे फिरतात, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते. भाव 'रनिंग फुटा'वर ठरतो आणि खर्च मात्र फुटावर होत नाही.

एक उदाहरण घेऊ. हॉल १५ फूट बाय १२ फूट आहे. चारही भिंतींची लांबी मिळून ५४ फूट भरते. कारागिराने फुटाला १०० रुपये सांगितले असे धरू. (हा भाव आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. वाचकांनी आपापल्या गावचा भाव घालावा.) घरमालक मनात ५,४०० रुपयांची गाठ मारतो आणि निश्चिंत होतो.

आता प्रत्यक्ष काय होते ते पाहा. तयार पट्टी ठराविक लांबीची मिळते. ती ८ फुटांची असेल तर १५ फुटांच्या दोन भिंतींना ४ नग लागतात. १२ फुटांच्या दोन भिंतींना कागदावर ३ नग पुरतात, एका नगाचे दोन तुकडे करून. पण कोपऱ्यावर पट्टी ४५ अंशात तिरकी कापावी लागते, करवतीच्या फटीतही थोडी जाते, एखादी टोकाला फुटते. म्हणजे आठवा नग आणावाच लागतो. ५४ फुटांसाठी ६४ फूट माल झाला. पट्टी जितकी रुंद आणि नक्षी जितकी मोठी, तितकी ही तूट जास्त, कारण दोन तुकड्यांची फुले-पाने जोडावर जुळवून घ्यावी लागतात.

मग कोपरे. चौकोनी खोलीला ४ कोपरे असतात. पण एका कोपऱ्यात आरसीसीचा खांब आत आलेला असेल, तर त्या एकाच कोपऱ्याचे तीन होतात, दोन आतले आणि एक बाहेरचा. गंमत अशी की फूटपट्टीने मोजले तर लांबी ५४ फूटच राहते, एक इंचही वाढत नाही. कोपरे मात्र चाराचे सहा झाले, म्हणजे सर्वांत नाजूक काम दीडपट झाले. मजुरी फुटावर घेणाऱ्या कारागिराला या दीडपट कामाचा एक पैसा मिळत नाही. तो मग कुठे तरी हात आखडता घेतो, आणि तो बहुधा जोडात. सहा महिन्यांनी तिथेच केसासारखी भेग दिसते.

म्हणून आमच्या मते अंदाजपत्रक असे मांडावे. पट्टी आणि ती बसवण्याची मजुरी ५४ फुटांची ५,४००. कापातील तूट १० फूट, फक्त मालाची किंमत फुटाला ६० धरून ६००. कोपरे ६, प्रत्येक कोपरा एका फुटाच्या भावाने ६००. घोडी-परांचीचे भाडे आणि माल वर चढवण्याची हमाली ५००. प्रायमर आणि रंगाचे दोन हात, फुटाला २५ प्रमाणे १,३५०. पंख्याची किंवा ट्यूबलाइटची वायर सरकवावी लागली तर वायरमनचे ३००. डेब्रिज पोत्यात भरून उचलण्याचे आणि सफाईचे ४००. ही बेरीज ९,१५० झाली. त्यावर अचानक निघणाऱ्या कामासाठी दहा टक्के बाजूला ठेवले की आकडा दहा हजारांच्या थोडा वर जातो. ५,४०० रुपयांचे म्हणून ठरलेले काम खरे तर दहा हजारांचे होते. ही लबाडी कोणाचीच नाही. सुरुवातीला कोणी सगळे लिहिले नाही, इतकेच.

आमच्या कारागीर बंधूंना एक सांगावेसे वाटते. समोरचा दुसरीकडे जाईल या भीतीने निम्मा हिशेब सांगायचा आणि काम अर्ध्यावर आल्यावर एकेक बाब काढायची, ही पद्धत धंद्याला मारक आहे. पूर्ण आकडा ऐकून एखादे गिऱ्हाईक जाईलही. पण जे थांबेल ते आणखी दोन घरे मिळवून देईल.

माल कोणता घ्यावा

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. राजस्थानात बिकानेर, नागौर भागात जिप्समच्या खाणी आहेत. हा दगड सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातले पाऊण हिस्सा पाणी उडते आणि पांढरी भुकटी उरते. तिला पुन्हा पाणी दिले की ती परत दगड होते, तेही पंधरा-वीस मिनिटांत. हाच तिचा गुण आणि हाच तिचा खर्च. घमेलेभर माल एकदम कालवला आणि हात तितका चालला नाही, तर उरलेला फेकून द्यावा लागतो. घट्ट होऊ लागलेल्या मालात वरून पाणी घालून तो सैल करणारे कारागीर आहेत. त्या मालात मग जोर राहत नाही. पोते जुने किंवा ओलीत पडलेले असेल तर आधी वाटीभर कालवून पाहावे. वेळेत घट्ट झाले नाही तर सगळे पोते परत करावे.

चांगल्या ओतीव पट्टीत काथ्या किंवा काचेचा धागा घातलेला असतो. घेताना तुकडा मोडून पाहिला तर ते दिसते. धागा नसलेली पट्टी स्वस्त पडते आणि जिना चढतानाच दोन नग फुटतात. छताला ती नुसती चिकटवून भागत नाही, स्क्रूही लागतात. स्क्रू गंज न धरणारे हवेत. साध्या खिळ्याचा गंज दोन पावसाळ्यांत रंगातून बाहेर येतो. बसवण्यापूर्वी जुना ऑइलपेंट खरवडून भिंतीला टाचे मारले नाहीत, तर पट्टी भिंतीला नव्हे, रंगाच्या पापुद्र्याला धरते.

थर्मोकोलची पट्टी सर्वांत हलकी आणि स्वस्त. ती लावायला फारसे कसबही लागत नाही. पण थिनरचा रंग तिच्यावर लावला तर ती विरघळते, पाण्यात मिसळणारा रंगच लावावा लागतो. शिवाय ती आगीला लगेच बळी पडते. स्वयंपाकघरात ती लावू नये हे आमचे स्पष्ट मत आहे. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनची पट्टी पाण्याला दाद देत नाही, नक्षीही तिच्यावर साफ उठते, पण किंमत बरीच वर जाते. न्हाणीघराच्या बाजूला किंवा कोकणातल्या दमट घरात हा जादा पैसा वसूल होतो. कोरड्या हॉलसाठी चांगले पीओपी पुरेसे आहे.

दुरुस्तीत आधी पाणी शोधा

नव्या कामापेक्षा दुरुस्तीचा हिशेब अवघड. तीन फूट पट्टी पडली आहे, तर तीनशे रुपयांत होईल असे घरमालकाला वाटते. पण जुन्या नक्षीशी जुळणारी पट्टी बाजारात मिळेलच असे नाही. मग कारागिराने शाबूत भागाचा ठसा घ्यायचा, साचा करायचा, पट्टी ओतायची, वाळवायची, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बसवायची. साधी, नक्षी नसलेली पट्टी असेल तर पत्र्याचा फर्मा कापून जागेवरच ओढता येते. दोन्हींत कारागिराचा आणि बिगाऱ्याचा दिवस मोडतो, कधी दोन. तेव्हा दुरुस्ती फुटावर न ठरवता दिवसाच्या मजुरीवर ठरवावी, आणि घरमालकाने घरातली असली सगळी कामे एकाच खेपेत उरकून घ्यावीत.

पण त्याही आधी पट्टी का पडली ते पाहावे. काठीच्या टोकाने हलकेच ठोकत जावे. जिथे बद्द आवाज येतो तिथे ती सुटलेली आहे. नुसती जोडातली भेग असेल तर जाळीची पट्टी लावून भरता येते. पिवळट-तपकिरी डाग असेल तर वरून पाणी येते आहे, हे नक्की समजावे. जिप्सम पाण्याने भुसभुशीत होतो. गळती बंद न करता नवी पट्टी लावणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी काम काढून ठेवणे. गळती बंद झाल्यावरही छत पूर्ण वाळू द्यावे, त्याला काही आठवडे लागतात. घाईने रंग मारला तर डाग पुन्हा वर येतो.

इथे सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचे आणि त्यावरील गिलाव्याचे नुकसान झाले, तर ती दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. शोभेच्या पट्टीवरून कमिटी वाद घालू शकेल, पण गच्चीची गळती, छत आणि गिलावा हा मोठा खर्च तरी सभासदाच्या खिशातून जाण्याचे कारण नाही. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी फोटो काढून संस्थेला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. गळती वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघरातून असेल तर मात्र तो प्रश्न त्या सभासदाशी सोडवावा लागतो.

जुन्या वाड्यांत आणि मुंबईच्या जुन्या इमारतींत चुन्याच्या कॉर्निस असतात. चुन्याचे काम किती टिकते हे पाहायचे तर छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, बीबी का मकबरा पाहावा. संगमरवर तिथे घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्याला आहे. वरचे बरेचसे काम चुन्याच्या गिलाव्याचे आहे आणि ते सतराव्या शतकातले आहे. अशा चुन्याच्या कामाला सिमेंटचे ठिगळ लावू नये. सिमेंट कडक असते, ओल आत कोंडते, आणि ठिगळाच्या कडेने जुना चुना सुटत जातो. चुन्याला चुनाच लावावा. जाणता माणूस शोधावा लागतो आणि तो मजुरी जास्त घेतो, ती द्यावी. जुना रंग घासतानाही जपावे. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसे असू शकते. कोरडे घासू नये, पाणी मारून घासावे, तोंडाला मास्क बांधावा आणि लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

पैसे देण्याची पद्धतही कामाच्या टप्प्यांना बांधलेली असावी. बयाणा मालापुरता. पट्ट्या चढल्यावर मजुरीचा मोठा हिस्सा. रंग झाल्यावर बाकी, त्यातले दहा टक्के पंधरा दिवसांनी, जोड तडकले नाहीत हे पाहून. हे सगळे साध्या वहीच्या पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्यात पट्टीची रुंदी, माल कोणता, कोपरे किती, रंग कोणाकडे आणि डेब्रिज कोण उचलणार, एवढे आले तरी पुरे. ठेकेदार जीएसटी नोंदणी असलेला असेल तर माल-मजुरीच्या एकत्र कामावर साधारणपणे १८ टक्के कर लागतो. सांगितलेला भाव कर धरून की कर सोडून, हे आधीच विचारावे. केवळ सेवा पुरवणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. आमचे बरेच कारागीर त्या मर्यादेच्या आत असतात, पण दोन-तीन टोळ्या चालवणाऱ्यांनी आपला आकडा पाहत राहावे.

राहिला मोसम. हे काम ऑक्टोबर ते मे या काळात करावे, पावसाळ्यात पट्टी आणि पुट्टी लवकर वाळत नाही. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०१६ ते २०१८ या वर्षांत ईदुल फित्र जून-जुलैत आली होती, आणि ईदपूर्वी काम उरकण्याच्या घाईत ओल्या भिंतींवर पट्ट्या चढल्या. आता ती कोरड्या दिवसांत सरकली आहे. तरीही रमजानच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीत आणि मिळाले तर भाव चढलेला असतो. दोन महिने आधी काम दिले तर सवडीने होते आणि भावात बोलायला जागा राहते.

काम संपल्यावर उरलेल्या पट्टीचा एखादा दोन फुटी तुकडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर कोरड्या जागी ठेवून द्यावा. फर्मा कापला असेल तर तोही मागून घ्यावा. उद्या एखादा कोपरा फुटला तर ठसा आणि साचा यांचे दोन दिवस वाचतात.